येडशीचे स्थानक आणि बार्शी लाईटची वाट

सोलापूरकडून कुंथलगिरीच्या दर्शनास निघालेली कुटुंबे धाराशिव मागे टाकून येडशीला पोहोचतात, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रवास झालेला असतो. चौकात गाडी थांबते, सोबतचा डबा उघडला जातो, मुले पाय मोकळे करतात आणि मंडळी येरमाळ्याच्या दिशेने पुढे निघतात. लातूर-बार्शी रस्ता आणि सोलापूर-छत्रपती संभाजीनगर महामार्ग एकमेकांस छेदतात, एवढीच या गावाची ओळख बहुतेकांना असते. गावाच्या रेल्वे स्थानकाकडे वळण्याचे कोणास सुचत नाही. त्यात नवलही नाही. स्थानक लहान आहे. येथून रोज धाराशिवास किंवा बार्शीस ये-जा करणारे विद्यार्थी, नोकरदार आणि बाजारास निघालेले दुकानदार सोडले, तर फलाटावर फारशी वर्दळ नसते.

तरीही बार्शी, धाराशिव, लातूर, कुर्डुवाडी या पट्ट्यात ज्यांच्या तीन-चार पिढ्या व्यापारात गेल्या, त्या घरांनी एकदा तरी मुलाबाळांसह या स्थानकावर उतरावे. ज्या रेल्वेने या पठाराचा व्यापार बैलगाडीवरून रुळांवर आणला, तिची वाट बालाघाटाचा चढ चढून याच गावी येत असे. अनेक पेढ्यांच्या भरभराटीचा पाया त्या वाटेवर घातला गेला. ती रेल्वे म्हणजे बार्शी लाईट.

पाच टनांचा हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-मद्रास लोहमार्ग सोलापूर जिल्ह्यातून गेला. परंतु बार्शीसारखी मोठी बाजारपेठ त्यापासून दूर राहिली. मुख्य मार्गावरील जवळचे स्थानक 'बार्शी रोड' या नावाने ओळखले जाई. आजचे कुर्डुवाडी ते हेच. तेथपर्यंत कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी बैलगाड्यांनी न्यावी लागे. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट चिखलात रुतली की माल वाटेतच अडकून पडे. बाजारात भाव चढलेला असावा आणि माल ओढ्याकाठी थांबलेला असावा, याहून मोठे दुःख व्यापाऱ्याला कोणते?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या नजरेस ही अडचण आली. १८८२ मध्ये ते जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले होते. मोठ्या मापाचा लोहमार्ग बार्शीपर्यंत नेणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. मार्ग आखूड आणि मालही ठरावीक हंगामापुरता; मग एवढे भांडवल गुंतवणार कोण? कॅलथ्रॉप यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला. मालाच्या मानाने मार्ग बांधायचा, तर तो किती हलका बांधता येईल?

त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही व्यापाऱ्यास सहज समजावे असे आहे. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर ठेवले. इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असा दंडक घातला. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेल्याने एका यार्डास अवघ्या तीस पौंडांचे रूळ पुरेसे झाले. हलक्या रुळांना पूल आणि मोऱ्याही हलक्या चालतात. चार आसांचा मालडबा स्वतःच्या वजनासह वीस टनांपर्यंत जाऊ शकत असे. लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना सहा आस होते. त्यांपैकी चार ओढणारे आणि दोन भार पेलणारे. एका आसावर जास्त वजन न टाकता ओढण्याची ताकद मात्र कायम राखली गेली. गाड्या बार्शीस येण्यापूर्वी लीड्सजवळ तात्पुरता मार्ग घालून त्यांची चाचणीही घेण्यात आली.

१८९५ मध्ये कंपनीची स्थापना झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा सुमारे एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला. आपल्या ऐपतीपेक्षा मोठे दुकान न थाटता, आहे त्या भांडवलाचा कण न् कण कामी लावणे, ही शिस्त व्यापारी घरांना नवी नाही. बार्शी लाईट हे त्या शिस्तीचे लोखंडात उतरलेले रूप होते. लहान मापाच्या रेल्वेमार्गांचा विचार करणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांनी तिची दखल घेतली. कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात याच मापाचा लीक अँड मॅनिफोल्ड मार्ग बांधला. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि तीसच वर्षांत बंद पडला. बार्शीची गाडी त्यानंतरही कित्येक दशके धावत राहिली.

दोन राज्यांच्या सीमेवर

बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात होती आणि येडशी निजामाच्या राज्यात. आज एका दमात पार होणारे हे अंतर तेव्हा दोन राज्यांतील अंतर होते. निजामी मुलखात करोडगिरीचे नाके होते, तेथे मालावर जकात द्यावी लागे. चलनही वेगळे. निजामी राज्यात हाली शिक्क्याचा रुपया, तर ब्रिटिश मुलखात कलदार. विसाव्या शतकात सात हाली रुपयांस सहा कलदार असा दर रूढ झाला होता. सीमेवरील आडतदाराला रोजच्या कीर्दीत दोन्ही चलनांचा मेळ घालावा लागे, बट्टा काढावा लागे आणि करोडगिरीची रक्कम वेगळी मांडावी लागे.

अशा परिस्थितीत रेल्वे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली. बार्शीकडून पूर्वेस निघालेला फाटा बालाघाटाच्या कड्यावरून येडशीला चढला आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेला. १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेस मिळाले. लातूर ते मिरज अशी सुमारे २०२ मैलांची, म्हणजे ३२५ किलोमीटरची ही सलग वाट तयार झाली.

या वाटेने काय घडले याचा हिशेब अवघड नाही. लातूर ते बार्शी हे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. भरलेली बैलगाडी दिवसाला पंचवीस किलोमीटर चालली असे धरले, तरी वाटेत चार दिवस मोडत. त्यात बैलांचा चारा, गडी-माणसांचे जेवण, रात्रीची राखण आणि पावसाची धास्ती. रेल्वेने हे चार दिवस एका दिवसावर आणले. भांडवल जितक्या लवकर मोकळे होईल तितक्या वेळा ते फिरते, हे व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. पूर्वी एका हंगामात जे भांडवल दोन-तीनदा फिरे, ते आता कितीतरी अधिक वेळा फिरू लागले.

सारेच सुखाचे होते असे मात्र नाही. कुर्डुवाडीस अरुंद मार्ग संपे आणि रुंद मार्ग सुरू होई. तेथे प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. त्याची हमाली वेगळी. हाताळताना पोते फाटले तर तूट वेगळी. उतरवलेला माल उघड्यावर असताना पाऊस आला, तर नुकसान आणखी वेगळे. रुळांच्या मापातील फरकाची किंमत व्यापारी असा वर्षानुवर्षे मोजत राहिला. हीच अडचण टाळण्यासाठी कॅलथ्रॉप यांनी स्टॅफर्डशायरमधील मार्गावर मोठ्या मापाचे मालडबे जसेच्या तसे लहान गाडीवर चढवून नेण्याची सोय केली होती.

संथ गाडी, लांबचा पल्ला

बार्शी लाईटची थट्टाही पुष्कळ झाली. एखादा माणूस कामात मंद असला की त्यास 'बार्शी लाईट' म्हणण्याची रीत या भागात पडली. चढावर गाडी इतकी हळू चाले की खाली उतरून, पाय मोकळे करून पुन्हा चढता येई, असे जुनी माणसे हसत सांगत. त्या थट्टेत आपलेपणही होते. आषाढीस वारकऱ्यांनी खच्चून भरलेली गाडी, लग्नसराईत वऱ्हाडाचा डबा, सुगीत पोत्यांनी लादलेले डबे, ही सारी त्या संथ गाडीचीच रूपे.

१ जानेवारी १९५४ रोजी कंपनीची ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग बनली. ट्रकांचा काळ आला तसा मालाचा ओघ रस्त्याकडे वळला. दोनदा हमाली देण्यापेक्षा पेढीच्या दारातून थेट गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत माल जाणे व्यापाऱ्यास सोयीचे होते. त्यात चूक काही नव्हते. अरुंद मार्गाचे दिवस भरत आले होते.

पुढे मार्ग रुंद करण्याचे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर टप्पा या शतकाच्या आरंभीच रुंद झाला. लातूर ते उस्मानाबाद सप्टेंबर २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. पंढरपूर-मिरज टप्पा २०१०-११ च्या सुमारास पूर्ण झाला. या कामात धाराशिवच्या दृष्टीने एक मोठा बदल झाला. जुनी बार्शी लाईट जिल्ह्याच्या ठाण्यास स्पर्श न करताच जात असे. नव्या मार्गाची आखणी बदलून तो शहरापर्यंत आणण्यात आला. जिल्ह्याच्या गावी स्वतःचे स्थानक येण्यास बार्शी लाईटच्या जन्मापासून एकशे दहा वर्षे लागली.

पाणी घेऊन आलेली गाडी

ही जुनी वाट कोणाच्या काय उपयोगाची, असा प्रश्न ज्यांना पडत असेल, त्यांनी २०१६ चा उन्हाळा आठवावा. सलग दुष्काळाने मराठवाड्याचे कंठ कोरडे पडले होते. लातूर शहरात पाण्यासाठी रांगा आणि भांडणे होत होती. धाराशिव जिल्ह्याचीही तीच दैना होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात आली. पहिल्या फेरीत दहा डबे होते आणि प्रत्येकात सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

ती गाडी मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी या वाटेने लातूरला गेली. बार्शी लाईटची दोन टोके होती ती हीच, आणि कापसाच्या गाठी ज्या दिशेने गेल्या, त्याच वाटेने उलट दिशेस पाणी आले. हिशेबाच्या वहीत मांडावी अशी आणखी एक गोष्ट येथे आहे. पन्नास हजार लिटर पाणी म्हणजे पन्नास टन. बार्शी लाईटचा चार आसांचा डबा स्वतःच्या वजनासह वीस टनांपुढे जात नसे. मार्ग रुंद झाला नसता, तर पाण्याची ही गाडी त्या वाटेवर उभीच राहिली नसती. आणि शंभर वर्षांपूर्वी अरुंद मार्ग पडला नसता, तर रुंद करण्यास तरी काय उरले असते? आजोबांनी हलके दुकान मांडले, नातवाने ते वाढवले आणि संकटकाळी तेच गावाच्या कामी आले. असा हा तीन पिढ्यांचा व्यवहार आहे.

एका दिवसाची सफर

ही सफर चातुर्मास संपल्यावर करावी. तेव्हा हवा प्रसन्न असते आणि पावसाळा चांगला झाला असेल तर ओढ्यांना थोडेफार पाणीही असते. मोटार असली तरी निदान जाताना बार्शी ते येडशी हा टप्पा रेल्वेने करावा. वेळापत्रक आधी पाहून घ्यावे, कारण या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. बार्शी सोडल्यावर सपाट काळी शेते दिसतात. मग जमीन उंचसखल होते, मुरूम आणि खडक वर येतो, झुडपे दाट होतात आणि गाडी बालाघाटाच्या पठारावर येते. मुलांना खिडकीशी बसवून हा बदल दाखवावा. पाच टनांच्या दंडकात बांधलेले इंजिन हा चढ कसे चढले असेल, हे त्यांना पुस्तकापेक्षा खिडकीतून लवकर कळेल.

येडशीजवळ दरीत रामलिंगाचे मंदिर आहे. भोवतीचे सुमारे बावीस चौरस किलोमीटरचे रान अभयारण्य म्हणून राखलेले आहे. जटायूची कथा या स्थानाशी जोडलेली आहे. येथे माकडे फार. मुलांचा भूतदयेचा उत्साह ओळखूनही त्यांना हातचे खाऊ घालू देऊ नये. रानातला जीव रानातल्या अन्नावर जगला तरच तो सुखी राहतो, आणि त्याची ती सवय न मोडणे हीच खरी दया.

येडशीहून धाराशिवास यावे. शहराजवळ डोंगरात प्राचीन लेणी आहेत. त्यांतील पार्श्वनाथांच्या मूर्ती पाहण्यासारख्या आहेत. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि तेथील लेण्यांची हकिकत येते. डॉ. हिरालाल जैन यांनी या ग्रंथाचे संपादन केले, तेव्हापासून धाराशिवची लेणी अभ्यासकांच्या नजरेत विशेष भरली.

त्या काव्यातले तेरापूर म्हणजे आजचे तेर. तेथे गेल्याशिवाय ही सफर पुरी होत नाही. तेरणा नदीच्या काठचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने सागरापलीकडे ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असून तेथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमधून, नीट वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरास जाते, असा त्याचा आशय आहे. भडोचहून तो माल रोमन जगाच्या बाजारात जाई. कुर्डुवाडीस पोते उतरवून चढवणारा हमाल आणि भडोचच्या धक्क्यावर गाडीतून जहाजात कापड चढवणारा मजूर यांच्यामध्ये एकोणीस शतके गेली. काम मात्र तेच राहिले.

तेरचे संग्रहालय पाहण्यास दोन तास तरी ठेवावेत आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. विटांनी बांधलेले त्रिविक्रमाचे जुने मंदिर, संत गोरोबा काकांचे स्थान आणि गावातील जैन मंदिर यांचेही दर्शन घ्यावे. थंडीत या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे भोजनाचा डबा तेर किंवा धाराशिव येथे पाचच्या आत उघडता येईल, असा दिवसाचा क्रम आखावा.

जे जपले ते उरले

तेरच्या संग्रहालयात हस्तिदंती बाहुली, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि नाणी पाहताना एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. हा संग्रह राजाने वा सरकारने जमवलेला नाही. पावसाने धुऊन निघालेल्या पांढरीत, शेताच्या बांधावर आणि घराच्या पायात सापडणाऱ्या या वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि जपल्या. इतरांस ती खापरे वाटत होती. आज त्यांच्या नावाने शासकीय संग्रहालय उभे आहे आणि तगरच्या व्यापाराचा पुरावा पाहण्यासाठी देशोदेशीचे अभ्यासक तेरला येतात.

रेल्वेच्या वारशाबाबत दूर देशांतही असेच घडले आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ डॉइच-वाग्राम नावाचे लहान गाव आहे. तेथील बरीच माणसे रोज लोकलने राजधानीत कामाला जातात. २३ नोव्हेंबर १८३७ रोजी त्या देशातील वाफेची पहिली गाडी व्हिएन्नाच्या वेशीवरील फ्लोरिड्सडॉर्फहून या गावी आली. तो मार्ग गालिसियातील मिठाच्या खाणींपर्यंत नेण्याची मूळ कल्पना होती. तेथे मीठ, येथे कापूस. रेल्वेस दोन्हीकडे बोलावले ते व्यापारानेच. आज त्या गावात रेल्वेचे लहान संग्रहालय आहे. पुढच्याच श्ट्रासहोफ गावात इंजिनांची जुनी शेड जपून तिचे मोठे संग्रहालय केले आहे. योगायोग असा की ऑस्ट्रियाच्या अरुंद मार्गांचे माप ७६० मिलिमीटर आहे. बार्शीच्या मापाहून केवळ दोन मिलिमीटर कमी. त्या देशातील काही अरुंद मार्गांवर आजही गाड्या धावतात आणि त्यांत बसण्यासाठी लांबून प्रवासी येतात.

बार्शी लाईटचे काय उरले? जुने रूळ उचलले गेले. नवा मार्ग जुन्या वाटेपासून जेथे बाजूला गेला, तेथे जुना भराव शेतांच्या कडेने शोधावा लागतो. गाडी चालवणारी, तिला कोळसा घालणारी, तिच्यासाठी फाटकाशी थांबणारी पिढी दरवर्षी थोडी थोडी विरळ होत आहे.

परंतु या वारशाचा एक मोठा हिस्सा रेल्वेकडे कधीच नव्हता. तो व्यापाऱ्यांच्या घरांत होता आणि काही घरांत अजूनही असेल. आजोबा-पणजोबांच्या पेढीवरील लाल कापडात बांधलेल्या चोपड्या, मोडीत लिहिलेली कीर्द-खतावणी, बार्शी टाउन किंवा लातूरहून सुटलेल्या मालाच्या बिल्ट्या, करोडगिरीच्या पावत्या, हाली आणि कलदार रुपयांचा मेळ, कुर्डुवाडीच्या हमालीची नोंद, मुंबईच्या आडतदाराची भावाची पत्रे. कोणत्या साली कापूस किती गेला, दुष्काळात ज्वारी कोणत्या भावाने कोठून आली, गाडी किती दिवस बंद पडली आणि त्याने कोणाचे किती अडले, हे सरकारी अहवालांत ढोबळ आकड्यांनी मिळेल. एका गावाचे, एका पेढीचे, एका हंगामाचे खरे चित्र मात्र या वह्यांतच सापडेल.

ह्या वह्या दरवर्षी कमी होत आहेत. जुना वाडा पाडून नवी इमारत बांधताना, गोदाम रिकामे करताना, दिवाळीपूर्वी माळा झाडताना त्या रद्दीत जातात किंवा जाळल्या जातात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. मोडी वाचणारे घरात कोणी उरलेले नसते, वाळवी लागलेली असते आणि नव्या सुनेस, नातवास त्या कागदांचे प्रयोजन कळत नाही. शिवाय जुन्या देण्याघेण्याच्या नोंदी परक्याच्या हाती जाऊ नयेत, असाही एक संकोच असतो. तो संकोच योग्यच आहे. त्यासाठी वही कोणास देण्यापूर्वी घरातील जाणत्याने ती पाहावी. ज्या नोंदी खाजगी वाटतील त्या बाजूला ठेवाव्यात. बाकीचे जपण्यास हरकत नसावी.

जपणेही फार खर्चाचे नाही. वही ओल नसलेल्या जागी, जमिनीपासून उंच, सुती कापडात बांधून ठेवावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. त्याने कागद पुढे अधिकच खराब होतो. मोबाईलने प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्यावर गाव, पेढी आणि साल लिहून ठेवावे. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत, ठिकठिकाणी मोडीचे वर्ग चालतात, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत आणि मराठवाडा इतिहास परिषदेसारख्या संस्थांत अशा कागदांचे मोल जाणणारे अभ्यासक भेटतात. घरातील वडीलधाऱ्यांस, विशेषतः ज्या आजींनी माहेरी जाताना बार्शी लाईटचा प्रवास केला असेल त्यांस, बोलते करावे आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग उभा राहत आहे. तो पूर्ण झाला की या जिल्ह्याच्या व्यापारास आणखी एक दार उघडेल. त्या मार्गावरून पहिला माल ज्या पेढ्या पाठवतील, त्यांच्या घरी बार्शी लाईटवरून माल पाठवल्याची नोंदही जपलेली असावी. यंदा वहीपूजनाच्या आधी माळा झाडताना लाल कापडाचे एखादे गाठोडे हाती आले, तर ते रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे.